चादरीच्या पुठ्ठ्यात कॉम्प्युटर : कशाचं नातं कुठं निघेल सांगता येत नाही

जुनामाग

संक्रांतीच्या आधी माळा आवरायला काढला. जुन्या पितळी भांड्यांच्या मागं पोत्यात गुंडाळलेलं एक बंडल सापडलं. तपकिरी जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्या दोरीनं एकापुढं एक ओवलेल्या, प्रत्येकीवर बारीक गोल भोकं. वडिलांच्या कारखान्यातले जकार्डचे पुठ्ठे. माग विकून वीस वर्षं झाली, पण हे कुणी भंगारात घातले नव्हते.

मुलगी अकरावीत आहे, आयटी घेतलंय. ती म्हणाली, "बाबा, हे तर पंचकार्ड! आमच्या पुस्तकात आहे." आई तिथंच तीळ निवडत बसली होती. तिनं वरसुद्धा न बघता सांगितलं, "कसलं पंच न् बिंच. पुठ्ठे आहेत ते. जागेवर ठेव."

रात्री वाचत बसलो. फ्रान्समधल्या लियों शहरात जोसेफ मारी जकार्डनं १८०४ च्या सुमाराला हा माग उभा केला. रेशमावर नक्षी काढायला वर बसून दोर ओढणारं पोरगं लागायचं, त्याचं काम पुठ्ठ्यांवर आलं. मग इंग्लंडात चार्ल्स बॅबेजनं आपल्या गणिती यंत्राला हुकूम द्यायला हेच पुठ्ठे घ्यायचं ठरवलं. एडा लवलेसनं त्या यंत्रावरच्या १८४३ च्या टिपांमध्ये तर लिहिलंच, की जकार्ड माग पानंफुलं विणतो तसं हे यंत्र बीजगणिताची नक्षी विणेल.

म्हणजे सोलापूरच्या पूर्व भागात जो खडखडाट ऐकत आम्ही अभ्यास केला, त्याचं नातं मुलीच्या लॅपटॉपशी निघालं. मला दोन दिवस दुसरं काही सुचेना. तुम्हाला अशी नाती कुठं सापडलीत? गाणं, खाणं, चित्र, देव, गणित, काहीही चालेल. फक्त स्वतः हात लावलेलं असलं तर बरं.

पार्क_चौकातला

म्हणजे आमच्या आज्ज्यानं आयुष्यभर प्रोग्रॅमिंग केलं आणि पगार घेतला मजुराचा? काय बे हे!

साखरपेठ_अण्णा

तम्मुडू (म्हणजे धाकट्या भावा), धागा वाचून बरं वाटलं. माझी चाळीस वर्षं यातच गेली. आधी कांड्या भरल्या, मग माग चालवला, नंतर डिझाइन आणि पुठ्ठे. घरात तेलुगू, कारखान्यात मराठी, त्यामुळे लिहिण्यात चूकभूल द्यावी घ्यावी.

नवीन लोकांसाठी सांगतो. आधी चौकटीच्या कागदावर डिझाइन काढायचं. एक चौकट म्हणजे ताण्याचा (उभा) एक धागा न् बाण्याचा (आडव्या धाग्याचा) एक फेरा. जिथं धागा वर उचलायचा ती चौकट रंगवायची. मग एकेक ओळ वाचत पुठ्ठ्यात भोकं पाडायची. मागावर पुठ्ठा सुयांवर येऊन टेकतो. भोक असलं तर सुई आत जाते, तिचा हूक जागेवर राहतो आणि धागा उचलला जातो. भोक नसलं तर सुई मागं ढकलली जाते, हूक सुटतो, धागा खालीच. बाणा नेणारा धोटा मधून गेला की दुसरा पुठ्ठा. बस, एवढंच. पण हे एवढंच हजारो वेळा.

आता गंमत. विणणारा चुकला तर एका ठिकाणी दोष येतो. पुठ्ठेवाला चुकला तर तोच दोष प्रत्येक फुलात येतो. एकदा माझं एक भोक कमी पडलं आणि मोराचा डोळा गेला. मालकाच्या लक्षात येईपर्यंत पुरा ताणा संपत आला होता, सगळे मोर आंधळे. मालकानं मला बोलावलं, चादर माझ्या अंगावर टाकली आणि म्हणाला, "आता हा बघणार कसा रे?" पगार कापला नाही. पण नंतर कितीतरी वर्षं मला "डोळा" म्हणूनच हाक मारायचे.

सुनंदा_जुळेसो

अण्णा, दंडवत! मोर वाचून हसू आलं आणि वाईटही वाटलं.

आमच्याकडं एकदा उंदरानं पुठ्ठा कुरतडला होता आणि फुलाच्या मधोमध भलतंच शेपूट उगवलं होतं. गिऱ्हाइकाला तेच आवडलं, तसलंच मागायला आला.

गणित_मास्तर

@सुनंदा, अमेरिकेत १९४७ मध्ये हार्वर्डच्या मार्क टू कॉम्प्युटरमध्ये पतंग (उडणारा किडा) अडकला. तो त्यांनी नोंदवहीत चिकटपट्टीनं लावून ठेवला, अजून जपलाय. तुमचा उंदीर जपायला हवा होता.

चिकित्सक

आनंदावर विरजण घालतोय, माफ करा. बॅबेजपर्यंत सगळं ठीक आहे, त्यानं जकार्डचे पुठ्ठे सरळसरळ उचलले. पण त्याचं ते मोठं यंत्र कधी पुरं झालंच नाही. पुढं अमेरिकेत हर्मन हॉलेरिथनं १८९० च्या जनगणनेसाठी भोकांची कार्डं वापरली. त्याच्या कंपनीसह काही कंपन्या १९११ मध्ये एकत्र आल्या आणि त्यांचंच १९२४ मध्ये आयबीएम असं बारसं झालं. हॉलेरिथनं स्वतः सांगितलेलं मूळ काय? रेल्वेचा कंडक्टर. तिकिटावर केसांचा रंग, नाकाचा आकार वगैरे भोकं पाडून प्रवाशाची ओळख नोंदवायचा, जेणेकरून एकाच्या तिकिटावर दुसरा जाऊ नये. म्हणजे मागापासून लॅपटॉपपर्यंत अखंड दोरी नाही, मध्ये गाठ सुटलेली आहे.

साम्य वेगळं, संबंध वेगळा. ढगात हत्ती दिसला म्हणून ढग आणि हत्ती सोयरे होत नाहीत. नातं सांगायचं तर निरोप कुणी पोचवला ते दाखवा: माणूस, जहाज, पत्र, लग्न, काहीतरी.

पार्क_चौकातला

आला. म्हटलंच होतं, अजून कसा आला नाही.

जुनामाग

@चिकित्सक, मान्य. कंडक्टरचं मला माहीत नव्हतं. ते तर अजून भारी निघालं.

पण बॅबेजच्या घरात काय टांगलं होतं वाचलंत का? जकार्डचं रेशमात विणलेलं चित्र. १८३९ साली लियोंमध्ये विणलेलं, सुमारे २४,००० पुठ्ठे लागले त्याला. पाहुण्यांना कोरीव ठशाचं छापील चित्रच वाटायचं. म्हणजे निरोप्याचा फोटोच भिंतीवर. तुमची अट इथून पुढं धाग्याची अट: कुणी पोचवलं ते सांगायचं.

भजनी_पेटी

मग उलटं जातो. पुठ्ठे जकार्डच्या आधीचे आहेत. १७२५ मध्ये लियोंमध्येच बाझिल बुशों नावाच्या माणसानं भोकांची कागदी पट्टी मागाला लावली होती. त्याचे वडील ऑर्गन बनवायचे असं सांगतात. आपोआप वाजणाऱ्या ऑर्गनमध्ये खुंट्या ठोकलेलं पिंप असतं, त्या खुंट्या कुठं बसवायच्या याचा नकाशा आधी कागदावर आखतात. पोरानं तो कागदच मागावर नेला. पुढं वोकान्सननं त्याच कामात डोकं घातलं. त्याची ख्याती काय, तर बासरी वाजवणारा यांत्रिक पुतळा! त्याचा पडून असलेला माग दुरुस्त करताना जकार्डला पुढची वाट दिसली. तेव्हा @चिकित्सक, बाप-लेक झाले, आता बोला. गाण्यातून कापड आलंय.

मी दर एकादशीला पेटी वाजवतो. आपल्या भजनाची ही पेटीसुद्धा परदेशी. पॅरिसमध्ये देबेंनं १८४० च्या सुमाराला हार्मोनियम केली, ती पायानं भाता मारायची. कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांनी हातभात्याची केली म्हणून आपण मांडी घालून वाजवू शकतो. इतकी आपली, की १९४० मध्ये आकाशवाणीनं तिला परकी म्हणून बंदी घातली, ती १९७१ पर्यंत. आणि त्या सगळ्या काळात देवळात मात्र पेटीशिवाय भजन उभं राहत नव्हतं.

अजून एक. गेल्या वर्षी पेटी दुरुस्तीला नेली. कारागीर पूर्वी गिरणीत होता. म्हणाला, "महाराज, रीड खराब झालीय. आमच्याकडं पण रीडच खराब व्हायची." मागाच्या फणीला गिरणीत रीडच म्हणतात. मी घरी येऊन शब्दकोश काढला. रीड म्हणजे बोरू, वेत. फणीच्या काड्या पूर्वी त्याच्या असायच्या, सनईसारख्या वाद्यांची जिभलीही त्याचीच. आता फणी पोलादाची झाली, पेटीची जिभली पितळेची, नाव तेच. आणि आपण बोरूनं काय करायचो? अक्षर गिरवायचो.

चिकित्सक

बुशों पटला. बोरू तर फारच पटला. एक कप चहा माझ्याकडून.

भाकरतुकडा

चहा नको, चटणी आणा. सोलापूरची म्हणून जगभर पाठवतो ती शेंगाचटणी बघा. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला. मिरची अमेरिकेतलीच. दोन्ही कोलंबसानंतर, मुख्यतः पोर्तुगिजांच्या जहाजांतून इकडं आले. ज्या भाकरीबरोबर खातो ती ज्वारी हजारो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आलेली. लसूण मध्य आशियातली. उरलं काय आपलं? मीठ आणि उखळ.

म्हणजे शिवाजी महाराजांच्या पणजोबांच्या पणजोबांनी शेंगाचटणी चाखलीच नसणार. आमच्या आजीला हे सांगितलं तर म्हणाली, "मग ते जेवत कशासंगट होते?" प्रश्न बरोबर आहे. मिरे आणि पिंपळी होती म्हणावं तिखटाला, पण माझं तोंडच उघडेना.

पार्क_चौकातला

मीठ, उखळ आणि कुटणारीचा हात. मिक्सरमधली चटणी खाऊन बघ, अमेरिकेतली वाटत्येय का नाही.

सुनंदा_जुळेसो

मिक्सरमध्ये तेल सुटत नाही, पीठ होतं नुसतं. दाणे गरम असतानाच उखळात घालायचे. आणि वरून तेल ओतणाऱ्यांचं तर नावच काढू नका.

भाकरतुकडा

तेल नाही, दही. चटणीवर दही.

सुनंदा_जुळेसो

दही वेगळं घ्या हो वाटीत!

गणित_मास्तर

धाग्याचा उखळ व्हायच्या आत माझं टाकतो.

वृत्तं शिकवताना लघु म्हणजे एक मात्रा, गुरू म्हणजे दोन, हे सांगतो. मग मुलांना विचारतो, चार मात्रांची जागा किती तऱ्हांनी भरता येईल? गुरू-गुरू, गुरू-लघु-लघु, लघु-गुरू-लघु, लघु-लघु-गुरू आणि चार लघु. पाच. तीन मात्रांना तीन, दोनला दोन, एकाला एक. पाच मात्रांना करून बघा, आठ येतात. १, २, ३, ५, ८. जगात हिला इटलीतल्या फिबोनाचीची मालिका म्हणतात, त्याचं पुस्तक १२०२ चं. आपल्याकडं छंदशास्त्र लिहिणाऱ्या विरहांकानं त्याच्या कित्येक शतकं आधी आणि हेमचंद्रानं ११५० च्या सुमाराला ही मोजणी सांगून ठेवली. कारण काय, तर कविता मोजायची होती. फिबोनाचीला ससे मोजायचे होते.

आता @चिकित्सक यांनी लेखणी उचलण्याआधी मीच सांगतो: हेमचंद्राचं फिबोनाचीपर्यंत कुणी नेलं याचा पुरावा नाही. अंक मात्र आपल्याकडून अरबांमार्फत गेले, ते त्यानं स्वतः लिहिलंय. त्यामुळे ते "पिंगळानं (म्हणजे जुन्या छंदशास्त्रकारानं) कॉम्प्युटर शोधला" वालं ढकलपत्र इथं चिकटवू नका. दोन ठिकाणी दोघांना एकच गोष्ट सुचली, यात मला उलट जास्त मौज वाटते.

चिकित्सक

मास्तर, माझं काम तुम्हीच केलंत. आता मी काय करू?

पार्क_चौकातला

भाकरी खा.

काठीवाला_कसबा

गड्ड्याचे, म्हणजे सिद्धरामेश्वरांच्या यात्रेचे दिवस आहेत म्हणून लिहितो. आम्ही नंदीध्वजाच्या काठीला खांदा देणारे. अक्षता सोहळ्याला संमती कट्ट्यावर वाचन होतं ते कन्नडमध्ये. "दिड्डम" म्हटलं की अक्षता टाकायच्या. समोरच्या लाखभर माणसांत मराठी बोलणारे, तेलुगू बोलणारे, दखनी बोलणारे, सगळे. शब्दाचा अर्थ निम्म्यांना सांगता येणार नाही, पण अक्षता एका क्षणाचीही चूक न होता पडतात. माझ्या हातून तर "दिड्डम" कानावर पडण्याआधीच मूठ उघडते.

सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले, बसवण्णांच्या काळातले वचनकार, म्हणजे कन्नडमध्ये वचनं नावाच्या भक्तिरचना करणारे. सोलापूरचं तेव्हाचं नाव सोन्नलिगे. त्यांच्या वचनांत शेवटी "कपिलसिद्ध मल्लिकार्जुन" अशी मुद्रा येते, आपल्याकडं अभंगात "तुका म्हणे" येतं तशी. मला कायम वाटतं की पंढरपूर आपल्यापासून सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरवर, विठ्ठलाला ज्ञानेश्वरसुद्धा "कानडा" म्हणतात, तर वचनाचं वारं अभंगाला लागलं नसेल का?

चिकित्सक

नाममुद्रा तमिळ आळवार संतांच्या पदांतही आहे, कबिराच्या दोह्यातही आहे. गाणं तोंडोतोंडी फिरायचं तिथं सही गाण्यातच करावी लागते. ती कुणाकडून घेतलीच पाहिजे असं नाही.

काठीवाला_कसबा

मग मन्मथस्वामी घ्या. वीरशैव परंपरेतले, कपिलधारला समाधी, आणि लिहिलं मराठीत, अभंग छंदात. आमच्या आजोबांच्या भजनात त्यांचेच अभंग असायचे, पेटी-मृदंगावर. लिंगायत घर, मराठी अभंग, कानडी देव. तुम्हाला माणूस हवा होता ना निरोप पोचवणारा? घ्या.

चिकित्सक

घेतला. हा माणूस मला आधी आठवायला हवा होता.

वाचनमात्र

कोटणीसांना विसरू नका. सोलापुरात जन्मलेला डॉक्टर १९३८ मध्ये युद्धातल्या चीनला जातो, तिथं लग्न करतो, १९४२ मध्ये तिथंच मरण पावतो. मुलाचं नाव यिनहुआ: यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. भैय्या चौकातून रोज जाते, स्मारकाकडं बघून न बघितल्यासारखं करते. कालच थांबले.

मुग्गू_विडीघरकुल

खूप दिवसांनी लिहितेय. आमची आज्जी तेलंगणातून लहानपणी आलेली. दिवसभर सुपात तंबाखू आणि पानं घेऊन विड्या वळायची, पण पहाटे अंगणात मुग्गू (आमच्याकडची रांगोळी) घातल्याशिवाय सूप मांडीवर घ्यायची नाही. आधी ठिपके, मग ठिपक्यांना वळसा घालत जाणारी एकच रेघ, हात न उचलता. मी विचारायची, "अव्वा, रेघ परत पहिल्या जागी येणार हे तुला कसं कळतं?" ती म्हणायची, "ठिपके मोजते ना मी."

मी शिकायला मद्रासला होते तेव्हा तिथल्या सरांनी सांगितलं, की १९७० च्या दशकात मद्रास ख्रिश्चन कॉलेजातल्या गिफ्ट सिरोमनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलमवरून (तिकडच्या तमिळ रांगोळीवरून) संगणकशास्त्रातली व्याकरणं बांधली. म्हणजे छोट्या नियमांनी मोठी चित्रं कशी वाढवायची त्याचे नियम. त्यासाठी त्यांना कोलम घालणाऱ्या बायकांकडूनच समजून घ्यावं लागलं. इथं निरोप पोचवणारी बाई आहे, @चिकित्सक, आणि तिचं नाव कागदावर नाही.

मला जे लिहायचं होतं ते वेगळंच. माझे वडील अण्णांसारखेच डिझाइनचा चौकटीचा कागद रंगवायचे. एकदा किनार जमेना. दोन रात्री कागद फाडत बसले होते. सकाळी अव्वानं दाराशी जो मुग्गू घातला तो त्यांनी उभ्या उभ्या बघितला, आत जाऊन कागद आणला आणि उंबऱ्यावर बसून ठिपके उतरवून घेतले. ती किनार पुढं कित्येक चादरींवर गेली. अव्वाला कुणी सांगितलंही नाही. तिनं एकदा लग्नात आलेली चादर उलगडली आणि म्हणाली, "हे कुणी चोरलं?"

साखरपेठ_अण्णा

अम्मा, खरं सांगू का? आम्ही सगळ्यांनी चोरलंय. बायकोच्या रांगोळीच्या वहीची पानं माझ्या डिझाइनच्या फाइलीत आहेत.

पार्क_चौकातला

आता मात्र गंमत नाही करत. वाचायलाव.

जुनामाग

चार दिवस लिहिलं नाही कारण घरात उद्योग चालू होता. मुग्गूताईंचं वाचून मुलगी म्हणाली, "बाबा, हे पुठ्ठे उलटे वाचता येतील का? भोकांवरून चित्र?" जमिनीवर सतरंजी टाकली, पुठ्ठे क्रमानं मांडले. एका उभ्या ओळीत आठ भोकांची जागा. मी भोक आहे-नाही सांगत गेलो, ती एक्सेलमध्ये चौकटी काळ्या करत गेली. आई पाय दुमडून बघत बसली. कॉम्प्युटरकडून पुठ्ठा वाचून घेतोय हे ऐकून म्हणाली, "मग पूर्वी काय करायचा तो?"

साठ पुठ्ठे झाले आणि स्क्रीनवर नुसती वाळू. काही दिसेना. अण्णा, मदत करा.

साखरपेठ_अण्णा

चादर दुपदरी असते, तम्मुडू. एका बाजूला मरूनवर पांढरं फूल, पालथी केली की पांढऱ्यावर मरून. दोन पदरांचे बाणे वेगळे, म्हणून पुठ्ठेपण वेगळे. सगळे एकाखाली एक लावलेस तर वाळूच दिसणार. एकाआड एक घे. एक, तीन, पाच.

जुनामाग

दिसलं!! अण्णा, दिसलं!

फूल नाही ते. चादरीच्या टोकाला कारखान्याचं नाव विणायचे, ती पट्टी आहे. मध्ये तीन पुठ्ठे गायब आहेत, तिथं काळा पट्टा आलाय. पण आजोबांच्या नावाचं पहिलं अक्षर आणि त्यावरची वेलांटी स्पष्ट आहे. आईनं चष्मा लावून बघितलं, बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "उलटं का लिहिलंय?"

खरंच अक्षरं आरशातल्यासारखी उलटी आलीत. आमचं काय चुकलं?

साखरपेठ_अण्णा

काही चुकलं नाही. तू पाठीकडून वाचलास. पुठ्ठ्याची पहिली ओळ तुझ्या उजव्या हाताला आली पाहिजे. आईंना विचार, त्यांना माहीत असेल, त्यांनीच ओवलेत ते.